समोरच्या बाजूच्या वकीलबाईंना

वैशाली मॅडम,

बार रूममध्ये तुमची शोकसभा झाली. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उभा राहिलो, तुम्ही अभ्यासू होतात, मनमिळाऊ होतात, अशी दोन वाक्यं बोललो आणि बसलो. मनमिळाऊ हा शब्द तोंडून कसा गेला कोणास ठाऊक. इतकी वर्षं तुम्ही माझ्याशी भांडण्यात घालवलीत. माझ्यानंतर बोलणारे म्हणाले की तुम्ही गरिबांच्या कैवारी होतात. ते तुम्हाला मुळीच आवडलं नसतं. तुम्ही थोडी का होईना, पण फी घ्यायच्या. "फी नाही घेतली तर ते मला जाब कसा विचारतील, झाडेजी?" असं मला एकदा सुनावलं होतं.

शोकसभेत जे बोलता आलं नाही ते इथे लिहितो आहे. तुम्ही वाचणार नाही, म्हणजे मधे तोडणारही नाही. हा फायदा मला पहिल्यांदाच मिळतो आहे.

आपलं काम तसं एकच होतं. रस्त्यावर माणूस जातो, घरचे नुकसानभरपाईचा दावा लावतात, आणि गाडीचा विमा उतरवलेली कंपनी म्हणते की चूक मेलेल्याचीच होती, निदान निम्मी तरी होती. कंपनीच्या वतीनं ते म्हणायचं काम माझं. ते खोडून काढायचं काम तुमचं. वर्धेच्या कोर्टात अपघात दाव्यांच्या खोलीत आपण समोरासमोर उभे राहायचो, आणि बाहेर आलो की कॅन्टीनमध्ये एकाच बाकावर आलूबोंडा खायचो. पक्षकारांना त्याचा राग यायचा. तुमच्या एका म्हाताऱ्या पक्षकारानं तुम्हाला विचारलंही होतं, "बाई, तुमी त्यायच्या संग खाता, मंग आमच्यासाठी भांडता कशा?" तुम्ही म्हणालात, "खाल्ल्यावरच भांडता येते, बाबा."

तुमची एक पद्धत मला फार उशिरा कळली. साक्षीच्या आदल्या दिवशी, कामकाज आटोपल्यावर, तुम्ही घरच्या माणसांना रिकाम्या कोर्टात घेऊन जायच्या. जज साहेब कुठे बसतात, पिंजरा कुठे आहे, कोण कुठून विचारणार, सगळं दाखवायच्या. मी एकदा छत्री विसरलो म्हणून परत आलो, तर तुम्ही माझ्या जागेवर उभ्या होतात. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, माझ्या आवाजात, समोरच्या म्हाताऱ्याला विचारत होतात, "तर बाबा, तुमचा मुलगा गाडी जोरात चालवायचा, हे खरं आहे ना?"

"माहा पोरगा मेला, अन् तुमी गाडीचं इचारून राह्यले?" तो म्हणाला.

"विचारणं माझं काम आहे, बाबा. तुम्ही फक्त उत्तर द्या." हेही माझंच वाक्य.

मग तुम्हाला मी दारात दिसलो. तुम्ही जराही ओशाळला नाहीत. "या झाडेजी. बाबा, हे पाहा, हे खरे." म्हाताऱ्यानं मला रामराम केला. मी छत्री घेतली आणि निघालो. मी चष्मा तसा धरतो हे मला त्या दिवशी समजलं. अजून तसाच धरतो.

नालवाडीला तुमच्या घरी मात्र मी कधी आलो नव्हतो. यायची वेळ शोभानं आणली.

शोभा माझी धाकटी बहीण, आर्वीला दिलेली. तिचा नवरा प्रमोद पाण्याच्या पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. आर्वीत बाजाराच्या बाजूला त्याचं दुकान होतं. एका संध्याकाळी दुकान बंद करून पायीच घरी निघाला असताना मागून आलेल्या मालट्रकनं त्याला उडवलं. ड्रायव्हरनं पोलिसांना सांगितलं की हा माणूस पिऊन झोकांड्या खात रस्त्यावर आला. पहिल्या कागदावर ते तसंच चढलं, आणि कागदावरून गावात उतरलं. शवविच्छेदनात दारूचा उल्लेख नव्हता, पण तो कागद कोण वाचतो? तेराव्याला आलेले लोक जेवून हात धुताना तेच बोलत होते. प्रमोदच्या आईनं त्यानंतर शेजारी बसायला जाणं सोडलं.

विमा कंपनी दुसरी होती, मी ज्यांच्या पॅनेलवर आहे त्यांच्यातली नव्हती. मी स्वतः केस चालवू शकलो असतो. पण ज्या माणसाच्या मांडीला मांडी लावून जेवलो त्याच्या मरणाबद्दल उभं राहून बोलणं मला जमणार नाही हे मला माहीत होतं. मग कोणाकडे जायचं याचा विचार करायला मला वेळ लागला नाही.

तुम्ही शोभाला आत घेतलंत आणि मला म्हणालात, "झाडेजी, तुम्ही बाहेर बसा."

"मी भाऊ आहे तिचा."

"म्हणूनच."

मी व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर प्रमोदच्या आईसोबत बसलो. तुमच्या आईनं पाणी आणलं. प्रमोदच्या आईनं मान हलवून नको म्हटलं. उन्हाळा होता, आर्वीहून एसटीनं आलेली बाई होती, तहान नव्हती असं नाही. तुमच्या आईला ते कळलं, मलाही कळलं. त्यांनी तांब्या तिथेच ठेवला आणि पुन्हा विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात कधीतरी म्हातारी आपणहून म्हणाली, "बाई, पानी दे वो जरासं." तुम्ही दिलंत. त्यावर आपण कोणी, कधीही, काही बोललो नाही. आज लिहितो आहे, कारण त्या वर्षात कोर्टाबाहेरही एक गोष्ट हलली होती आणि ती माझ्याशिवाय कोणी पाहिली नसेल.

परत जाताना बसमध्ये मी शोभाला विचारलं, "काय काय विचारलं त्यांनी?"

"अपघाताचं काईच नाई. ते काय खात, दुकान कवा उघडत, घरी कायच्यावरून कटकट होये. मी तं आमचं आदल्या दिवशीचं भांडण बी सांगतलं."

"ते काऊन सांगितलं?"

"त्यायनं इचारलं म्हणून."

इतक्या वर्षांत मी अशा कितीतरी बायकांना पिंजऱ्यात प्रश्न विचारले होते. त्यांच्या घरात काय शिजायचं हे मला कधी लागलं नव्हतं, म्हणून मी विचारलं नव्हतं. तुम्हाला लागायचं.

पण मी वकील आहे, गप्प कसा बसणार? मी शोभाला घरी बसवून शिकवत होतो. दारूचं विचारलं तर म्हणायचं, त्यांनी कधी हात लावला नाही. साक्षीच्या आदल्या दिवशी तुम्ही तिला रिकाम्या कोर्टात नेलंत आणि दहा मिनिटांत बाहेर आलात.

"हे वाक्य तुमचं आहे," तुम्ही म्हणालात.

"हो."

"प्रमोदराव घेत होते?"

"पोळ्याला. कोणाच्या लग्नात. इतकंच."

"मग तिला तेच सांगू द्या. समोरचा वकील उद्या त्यांचा एखादा मित्र आणून उभा करेल, मग तिचं बाकीचं खरंही खोटं ठरेल. तुम्ही समोर असता तर काय केलं असतं?"

मित्रच आणला असता. मी तसं म्हणालोही.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा मागच्या बाकावर बसलो, लोकांमध्ये. तिथून वकिलांच्या पाठी दिसतात. कंपनीचा वकील नागपूरचा, तरुण, तयारीचा होता. त्यानं सरळ विचारलं, "तुमचे पती दारू पीत होते, हे खरं आहे?"

शोभा म्हणाली, "घेत होते. पोळ्याले. लग्नात."

"म्हणजे पीत होते."

"हाव."

"आणि त्या संध्याकाळीसुद्धा प्यायलेले होते."

"नाई. निंगाले तवा त्यायनं मले फोन केलता. मेथी आणू का पालक, इचारलं. पिले असते तं फोन नसता केला. मले भ्यायचे."

मागे कोणीतरी हसलं. जज साहेबांनी मान खाली घालून लिहायला घेतलं, पण मी पाहिलं, तेही हसले होते. नागपूरच्या वकिलानं कागद चाळले आणि दुसरा मुद्दा घेतला. शोभा पिंजऱ्यातून उतरली आणि तुमच्याकडे न पाहता थेट माझ्या बाकाकडे आली. "चुकलं का?" तिनं विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली.

इथवर आपलं भांडण नव्हतं. ते लोकअदालतीच्या वेळी सुरू झालं, आणि ते संपलेलं नाही.

कंपनी तडजोडीला तयार झाली. देऊ केलेला आकडा वाईट नव्हता. मी या धंद्यात आहे, मला आकडे कळतात. तडजोड केली की चेक लवकर येतो, अपील नाही, नागपूरच्या चकरा नाहीत. शोभाची मुलगी पूर्वा बारावीला होती. तिला नागपूरला फिजिओथेरपी शिकायची होती. मी म्हटलं, घ्या आणि मोकळे व्हा. तुम्ही म्हणालात, "हे मी ठरवणार नाही आणि तुम्हीही ठरवणार नाही." शोभाला समोर बसवून तुम्ही दोन्ही बाजू तिला सांगितल्या, आणि माझी बाजू तर माझ्यापेक्षा चांगली मांडलीत, हे मान्य करायला हवं. शेवटी तुम्ही तिला सांगितलंत, "तडजोडीत चूक कोणाची, हे कोणी लिहीत नाही. पैसे मिळतात, पण ते राहून जाते."

शोभानं सासूकडे पाहिलं. म्हातारी म्हणाली, "मले काय इचारता? मी किती दिवसाची?" आणि मग थांबून म्हणाली, "पन पिऊन मेला नाई तो."

शोभा म्हणाली, "मंग लिवूनच घ्या."

तुमचं म्हणणं होतं की तिनं ठरवलं. माझं म्हणणं होतं, तुम्ही ते शेवटचं वाक्य बोलला नसता तर तिनं वेगळं ठरवलं असतं. तुम्ही म्हणायच्या की ते वाक्य खरं होतं. मी म्हणायचो, खरं वाक्यही वेळ पाहून बोलावं. कॅन्टीनचा पोऱ्या कप उचलून न्यायचा तरी आपलं चालूच असायचं.

निकाल शोभाच्या बाजूनं लागला. ड्रायव्हर साक्षीला आलाच नाही. पंचनाम्यात प्रमोदच्या चपला आणि भाजीची पिशवी डांबराच्या बाहेर, मातीत मिळाल्याची नोंद होती. तुम्ही तेवढ्यावर जोर दिलात. रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या माणसाची चूक नव्हती, तो नशेत असल्याचा काहीही पुरावा नाही, असं जज साहेबांनी लिहिलं. निकाल इंग्रजीत होता. तुम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात म्हातारीला शेजारी बसवून ते वाचून सांगितलंत. "तुमच्या पोरानं काई केलं नाई, असं लिवलं जज साहेबानं."

"दारूचं?"

"ते बी नाई."

"आनखी एकडाव सांग."

तुम्ही सांगितलंत. म्हातारी उठली, पदर नीट केला, आणि आर्वीला गेल्यावर तिसऱ्याच दिवशी शेजारी बसायला गेली. शोभानं मला फोन करून सांगितलं तेव्हा तिला रडू येत होतं.

ही तुमची बाजू. आता माझी ऐका.

कंपनी अपिलात गेली, जाणारच होती. रकमेचा काही भाग मिळाला, त्यात घर चाललं. बाकी अजून नागपूरला अडकून आहे. पूर्वाची नागपूरची अ‍ॅडमिशन राहिली. मी मदत करतो म्हटलं, तर शोभानं नको म्हटलं. पूर्वानं आर्वीलाच बीएस्सी केलं. तुम्हाला हे माहीत होतं. मी दर वेळी ते काढायचो आणि तुम्ही ऐकून घ्यायच्या. एकदाच चिडून म्हणालात, "हे मला नका विचारू. पूर्वाला विचारा. आजीला पाहिलं आहे तिनं."

मी पूर्वाला अजून विचारलेलं नाही. दोन्ही उत्तरांची मला भीती वाटते. तुमचं बरोबर होतं असं मी आजही लिहून देणार नाही, आणि चूक होतं असंही म्हणवत नाही. तुम्ही असतात तर आणखी काही वर्षं हे भांडण निघालं असतं.

शेवटचं बोलणं शुक्रवारचं. रंजनाच्या केसचं. सेलूकडची भाजीवाली शेतकरी बाई, नवरा पहाटे मोटारसायकलवर भाजी घेऊन बाजाराला निघाला होता, कारनं धडक दिली. यात कारची विमा कंपनी माझी. कंपनीनं तडजोडीचा निरोप दिला होता, तो मी तुम्हाला सांगितला. तुम्ही उरलेला चहा बशीत ओतला आणि म्हणालात, "तिला विचारते. सोमवारी सांगते." मग बॅग खांद्याला लावून गेलात.   शुक्रवार होता, सोमवारी भेटणारच होतो.

रविवारी सकाळी तुमच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. दुपारी मी नालवाडीला आलो. तुमच्या घरासमोर जी माणसं उभी होती त्यातली निम्मी मी पिंजऱ्यात पाहिलेली होती. काहींनी मला ओळखलं आणि सरकून जागा दिली. शोभा आर्वीहून मिळेल त्या बसनं आली, सोबत सासू आणि पूर्वा. त्रिशरण पंचशील सुरू झालं तेव्हा म्हातारीला शब्द येत नव्हते. ती हात जोडून उभी राहिली आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ओठ हलवत होती. तुमच्या आईनं तिला ओळखलं. दोघी बराच वेळ एकमेकींचा हात धरून बसल्या.

सोमवारी मी कोर्टात गेलो. व्हरांड्यात रंजना उभी होती, हातात कापडी पिशवी. तिला कोणी कळवलेलं नव्हतं. मला पाहून ती थोडी बाजूला झाली, मग धीर करून जवळ आली. "साहेब, आमच्या बाई कुठं दिसून नाई राह्यल्या?"

मी सांगितलं, काल सकाळी गेल्या. याहून वेगळं कसं सांगतात मला माहीत नाही. ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "परवा तं फोनवर बोलल्या. तडजोड कराची का केस चालवाची, ते इचार करून ये म्हणे. मी इचार करून आली, साहेब. आता कोनाले सांगू?"

आणि ती सांगायलाच लागली. मी हात पुढे करून तिला थांबवलं. "मला नका सांगू. मी समोरच्या बाजूचा आहे. मला कळलं की कंपनीला कळल्यासारखं आहे. तुमच्या वकिलालाच सांगा."

"माही वकील तं गेली ना."

मॅडम, यावर तुमच्याकडे उत्तर असतं.  मी तिला उठवलं आणि आवारातच असलेल्या विधी सेवा कार्यालयाकडे घेऊन गेलो. बाईमाणसाला तिथे फुकट वकील मिळतो, घाबरायचं नाही, तुमचे कागद वकीलबाईंच्या घरून मिळतील, असं वाटेत सांगत गेलो. इतकं सांगण्यात काही गैर नाही असं मला वाटतं. तिला आत पाठवून मी बाहेर थांबलो. मग आमची केस पुकारली. मी उठून सांगितलं की अर्जदाराच्या विद्वान वकील काल वारल्या, अर्जदाराला मुदत द्यावी. जज साहेबांनी पेन खाली ठेवलं.  मग तारीख पडली.

मी रंजनाला तारीख सांगायला गेलो तेव्हा ती बाहेर येत होती. "नवीन बाई बऱ्या वाटल्या," ती म्हणाली, "पन लहान हायेत." मी म्हटलं, होतील मोठ्या. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. जायला निघाली आणि परत वळली.

"बाईनं मले तुमचं सांगतलं होतं."

"काय?"

"झाडे साहेब कंपनीचे हायेत, सारं उकरून इचारतील म्हणे. पन तुहं बोलनं तोडनार नाईत. खाली पाहू नको, त्यायच्याकडं पाहूनच सांगजो."

ती बसस्टँडकडे गेली. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मीही तुमच्याबद्दल माझ्या कंपन्यांना काय सांगायचो ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. कुठल्याही नव्या केसमध्ये समोर तुमचं वकीलपत्र दिसलं की मी त्यांना कळवायचो, या बाईंनी आणलेला साक्षीदार खोटं बोलत नाही, तेवढं धरून चला.

केस अजून उभी आहे आणि मी अजून कंपनीचा वकील आहे. तिनं तडजोड नाकारली असेल तर पुढच्या तारखेला मला तिची उलटतपासणी घ्यावी लागेल. नवऱ्याच्या गाडीचा दिवा लागत होता का, मागे भाजीचं ओझं किती होतं, तो झोपेत होता का, सगळं विचारावं लागेल. तुमच्या जागी ती नवी मुलगी असेल, घाबरलेली. रंजना पिंजऱ्यात उभी राहील आणि माझ्याकडे पाहून सांगेल. मी विचारीन, आणि तिचं पूर्ण होईपर्यंत थांबेन.